सगळ्यांची तपासणी झालीच पाहिजे

४ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही. विशेषतः इतरांच्या. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही असं बोललाच नव्हतात, तर तारखेसकट पुरावा हवा.

नोंदीसाठी दोन ओळी. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या काच कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख. बावीस वर्षं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा असतो, त्यात तडा किंवा बुडबुडा दिसला की बाटली बाद. आजवर माझ्या नजरेतून एकही सुटलेली नाही. निदान तशी तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. कामगार मला मागून 'भिंग' म्हणतात. आदरानेच म्हणत असावेत.

यंदाचे संकल्प: रोज अर्धा तास चालायचं. रागावर ताबा. कुणावर संशय घ्यायचा नाही, फक्त खात्री करून घ्यायची.

संध्याकाळी चालायला गेलो नाही. बूट कुणीतरी हलवले होते.

६ जानेवारी, बुधवार

भट्टीवरचा मुकादम खोकतोय. गेले दोन महिने. शिफ्टचा भोंगा वाजायच्या आधी याचा खोकला ऐकू येतो, म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणतात. तोही ओ देतो.

कँटीनमध्ये हा माणूस रोज माझ्याच शेजारी येऊन बसतो. सोमवारी मी खिडकीजवळच्या टेबलावर गेलो. आला डबा घेऊन. काल मी हात धुवायच्या नळाजवळ बसलो, जिथे कुणी बसत नाही. तिथेही आला. म्हणाला, तुमच्याशिवाय जेवण जात नाही. एकोणीस वर्षांची ओळख आहे हे खरं, पण एवढा लळा कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

आज तो खोकत असताना मी मोजलं. जेवणाच्या अर्ध्या तासात चौदा वेळा. त्यातले तीन माझ्या दिशेने.

८ जानेवारी, शुक्रवार

पेपरात बातमी: कुठल्याशा कापडगिरणीत टीबीचे सहा रुग्ण. बातमी दोनदा वाचली, कापून खिशात ठेवली. मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला. विषय: कारखान्यातल्या सर्व ३४० माणसांची तपासणी. सर्व हा शब्द अधोरेखित केला. अर्जात कुणाचंही नाव घेतलेलं नाही. फक्त 'विशेषतः भट्टी विभाग' एवढंच लिहिलं.

घरी वाचून दाखवला. हिने विचारलं, भोंग्यासाठी एवढं कशाला, त्याला सरळ सांगा ना डॉक्टरकडे जायला. हिला तत्त्वाची गोष्ट कळत नाही.

१२ जानेवारी, मंगळवार

मीटिंग. सरकारी दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. वय कमी, बोलणं हळू. तिथेच मला शंका आली.

बाई म्हणाल्या, सरसकट सगळ्यांना मशीनसमोर उभं करू नका. तुमच्या ३४० जणांत फार तर एखादा आजारी असेल. मशीन मात्र आठ-दहा जणांकडे बोट दाखवेल, कारण जुने वण, लहानपणीचा न्यूमोनिया, काहीही त्याला सावलीसारखं दिसतं. ते आठ-दहा जण विनाकारण घाबरतील. आणि जो खरा आजारी, तो एखाद्या वेळी सुटेल आणि आपल्याला काही नाही म्हणून खुशाल फिरत राहील. त्यापेक्षा ज्याला खोकला आहे, ज्याचं वजन उतरतंय, त्याला रांगेत उभं न करता थेट माझ्याकडे पाठवा. मी नीट तपासते.

मी उठून सांगितलं की आमच्या विभागात आम्ही शंभर बाद केल्या आणि त्यातल्या नव्वद चांगल्या निघाल्या तरी पर्वा करत नाही. एक वाईट बाहेर जाता कामा नये. बाईंनी विचारलं, बाद बाटल्यांचं काय करता. मी म्हटलं, फोडून परत भट्टीत. बाई म्हणाल्या, आणि माणसांचं काय करणार.

हा प्रश्न विषयाला धरून नव्हता. मग बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. काय लिहिलं ते दिसलं नाही. काम वाचवायला बघतात, दुसरं काय.

१४ जानेवारी, गुरुवार

मंजूर. मार्चमध्ये मोठ्या औषध कंपनीचे लोक कारखाना बघायला येणार आहेत. त्यांना 'शंभर टक्के तपासलेले कामगार' असं सांगायला मॅनेजरसाहेबांना आवडेल. एक्स-रे मशीन असलेली खाजगी गाडी येणार. डॉक्टरीणबाईंना यातून वगळलं आहे.

मी समन्वयक. बिल्ला मिळाला.

नियमावली एका बैठकीत लिहून काढली. मशीनने ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांनी वेगळ्या खोलीत बसायचं. वेगळा कप. यादी नोटीस बोर्डावर, म्हणजे लपवाछपवी नको. आणि अंतिम अहवाल हातात पडल्याशिवाय कुणालाही कामावर घ्यायचं नाही, मग तो कुणीही असो. मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली. विश्वास.

खोली म्हणून जुन्या लेबलांचं गोदाम ठरवलं. एकच खिडकी आहे, ती बंद करून फटींवर कागद चिकटवून घेतला, म्हणजे आतली हवा बाहेर यायला नको.

१८ जानेवारी, सोमवार

भोंगा जेवताना म्हणाला, गुरुवारी मी येणार नाही, डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. त्याच्या बायकोने मागे लागून नंबर लावलाय. म्हणाला, बाईच म्हणाल्या ना, खोकला असेल तर थेट या.

मी त्याला समजावलं. गाडी नेमकी गुरुवारी येतेय. मुकादमच रांगेत दिसला नाही तर बाकीच्यांना काय वाटेल. नियम सगळ्यांना सारखा. तो जरा वेळ डब्यातलं चिवडत बसला. मग म्हणाला, तुम्ही म्हणताय तर ठीक, बाईंचा नंबर रद्द करतो.

रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे म्हणून लिहितो: तो सगळ्यांसमोर पकडला जावा असं मला वाटतं. वाटतं म्हणजे इच्छा नाही. सत्य बाहेर यावं, एवढंच.

२१ जानेवारी, गुरुवार

तपासणी यशस्वी. ३४० पैकी ३४०. पहिला नंबर माझा, नऊ वाजता, इतरांना आदर्श म्हणून. तंत्रज्ञ म्हणाला, श्वास घ्या, रोखा, झालं. मोबाइलवर आठवणीचा फोटोसुद्धा काढून घेतला. बिल्ला दिसतोय.

भोंग्याचा नंबर साडेअकराला. श्वास रोखा म्हटलं की याला खोकला. पुन्हा घेतला, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तो हलला हे मी स्वतः पाहिलं. तंत्रज्ञाने पडद्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाला, चालेल, पुढचा. चौथ्यांदा घ्या म्हणणार होतो. पण मागे साठ माणसं होती, आणि वेळेत उरकणं ही समन्वयकाची जबाबदारी.

शिवाय याला पकडायला चांगल्या फोटोची गरजच काय.

२५ जानेवारी, सोमवार

यादी आली. नऊ जण.

भोंगा त्यात नाही.

मी आहे. चौथा.

२५ जानेवारी, दुपार

यादी परत वाचली. तेच.

अदलाबदल झाली असणार. माझी नऊची वेळ, त्याची साडेअकराची, मध्ये दीडशे माणसं. तरी अशक्य नाही. तंत्रज्ञ माझ्याकडे बघून हसला होता, ते आता आठवतंय. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, मला खोकला नाही, ताप नाही, वजन तर वाढतंच आहे. साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. हे वाक्य माझ्याच अर्जातलं आहे.

यादी बोर्डावर लागली. मीच लावायची होती, पण मला बोर्डाजवळ जाऊ दिलं नाही.

२६ जानेवारी, मंगळवार

घरी सांगितलं. सासूबाई ऐकून घेतल्या घेतल्या धाकट्या मेहुणीकडे निघाल्या. म्हणे तिचे गुडघे दुखतात. गुडघे सासूबाईंचे दुखतात.

ही शांत आहे. वेगळा कप नाही, वेगळी चादर नाही. फक्त खिडक्या उघडल्या. एवढी शांत का, याचा विचार करतोय. हिला आधीपासून काही माहीत होतं का.

लेक कॉलेजात गणित शिकते. तिने पेपराच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. म्हणाली, बाबा, नऊच्या नऊ चुकीचे असू शकतात, घाबरू नका. मी विचारलं, मग खरा आजारी कुठे गेला. म्हणाली, तो कदाचित या नऊंत नसेलच. शिक्षणाचा दर्जा घसरलाय.

२८ जानेवारी, गुरुवार

लेबलांच्या गोदामात नऊ माणसं, आठ खुर्च्या. कँटीनची स्वयंपाकीणबाई माझ्या समोर बसते. पंधरा वर्षं तिच्या हातचं सगळा कारखाना जेवलाय. आज तिने विचारलं, खिडकीला कागद कुणी लावला, गुदमरायला होतंय. मी म्हटलं, कमिटीने. ती म्हणाली, आणि ते बोर्डावर नाव लावायचं कुणाच्या डोक्यातून निघालं. मी पुन्हा म्हटलं, कमिटीच्या.

कमिटीत मी एकटाच होतो, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

आता प्रत्येकाचा बेडका तपासणार. सरकारी दवाखान्यातून आलेल्या नर्सबाईंनी डब्या वाटल्या. सगळ्यांनी दिला. मला येत नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

वाफ घेतली. तीन मजले पळत चढलो. भरलेली डबी दिली. नर्सबाईंनी उजेडात धरून परत दिली. म्हणाल्या, ही नुसती लाळ आहे, छातीतून यायला हवं.

३ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा लाळ.

निरोगी माणसाने बेडका आणायचा कुठून. म्हणजे आजारी असतो तर आतापर्यंत सुटलो असतो. हे मॅनेजरसाहेबांना लेखी कळवलं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बाकीच्या आठही जणांचं काही निघालं नाही. मॅनेजरसाहेबांनी त्यांना अंतिम अहवालाची वाट न बघता कामावर घेतलं. मला मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे मिठाच्या पाण्याची वाफ देऊन एकदाचा बेडका निघाला. पटकन होणारी तपासणी स्वच्छ.

सुटलो म्हणून बिल्ला लावून कारखान्यात गेलो. मॅनेजरसाहेबांनी नियमावली पुढे केली. 'अंतिम अहवाल हातात पडल्याशिवाय, मग तो कुणीही असो.' अंतिम अहवाल म्हणजे जंतू वाढतात का ते बघायचं. त्याला पाच-सहा आठवडे. मी म्हटलं, बाकी आठ जणांना सोडलंत ना. म्हणाले, ते साधे कामगार आहेत, तुम्ही नियम करणारे. तुम्हालाच सूट दिली तर कंपनीचे लोक काय म्हणतील.

यात माझं स्थान किती वरचं आहे ते दिसतं. तरी गोदामातच बसायचं आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

एकटा. खुर्च्या आठ.

माझ्या टेबलावर माझी सहायक बसते. बाद बाटल्यांचं प्रमाण निम्म्यावर आलंय असं ऐकतो. लपवते आहे.

स्वयंपाकीणबाईला कँटीनमध्ये परत घेतलं, पण सगळे घरून डबा आणायला लागले. पहिली यादी अजून बोर्डावर आहे. तिच्या शेजारी 'निर्दोष' असा कागद लावलाय, तो कुणी वाचत नाही. काल तिला भांड्यांवरून काढून अंगण झाडायला दिलं. सकाळी दारातून मी हात केला. तिने पाहिलं आणि झाडत राहिली.

उन्हामुळे नीट दिसलं नसेल.

१० फेब्रुवारी, बुधवार

दोनला भोंगा आला. त्याची शिफ्ट दोनला सुटते. डबा घेऊन आत शिरला, दार लावून घेतलं, खुर्ची माझ्या शेजारी ओढली. मी म्हटलं, नियम आहे, इथे येता येत नाही. म्हणाला, माझ्याकडे मशीनचं सर्टिफिकेट आहे, मला काय होतंय. खिशातून काढून दाखवलं. प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलंय.

पाचपर्यंत बसला.

मॅनेजरसाहेबांनी पाळतीवर पाठवला असावा.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही आला. पत्ते आणले होते. माझ्यावर पाळत असती तर पत्त्यांत एवढा हरला नसता. की मुद्दाम हरतो.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज येतो. मी विचारलं, घरी का जात नाहीस. म्हणाला, तुम्ही दिवसभर एकटे, मला बरं वाटत नाही. त्याच्या बायकोने माझ्यासाठीही डब्यात जास्त घालून दिलं होतं. एका डब्यात जेवलो.

कबूल करायला हरकत नाही, या माणसाबद्दल माझा अंदाज चुकला. खोकतो, पण तो भट्टीच्या धुळीचा खोकला. मशीनने त्याला तपासून पास केलंय. मशीन माझ्या बाबतीत चुकलं, त्याच्या बाबतीत बरोबर आहे. हे कसं, ते नीट मांडता येत नाही, पण तसं आहे.

नवीन संकल्प: यापुढे भोंग्यावर संशय घ्यायचा नाही. बावीस वर्षांत प्रथमच कुणाबद्दल असं ठरवलं. हलकं वाटलं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

भोंग्याने कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंय. मी म्हटलं, बारीक झालास, बरंच आहे. चालायला जातोस का. नाही म्हणाला.

मीही गेलेलो नाही.

३ मार्च, बुधवार

भोंग्याची बायको फाटकाशी आली होती. मला बोलावून घेतलं. म्हणाली, भावजी, रात्री घामाने उशी भिजते यांची. जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं तर सर्टिफिकेट दाखवतात. तुमचं ऐकतात, तुम्ही काय म्हणता.

मी म्हटलं, वहिनी, माझ्यासारखा संशयी माणूस सांगतोय, काही नाही त्याला. चाळीस हजारांत एक बाटली ओळखणारी नजर आहे ही. शिवाय मशीनचा कागद आहे. भट्टीपाशी घाम येणारच. तिने विचारलं, रात्री भट्टी कुठे असते. मी म्हटलं, शरीरात उष्णता साठते.

ती म्हणाली, बरं, तुम्ही म्हणताय तर. गेली. हायसं वाटलेलं दिसलं.

एका माणसाची काळजी मिटवली. समाधान.

९ मार्च, मंगळवार

पत्ते पिसताना भोंग्याला मोठी उबळ आली. रुमालावर लाल ठिपका. दोघांनीही पाहिला. तो म्हणाला, हिरडी असेल. मी म्हटलं, हिरडीच. दातांच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. मग त्याने पत्ते वाटले.

मी डाव जिंकलो. कसा, ते लक्षात नाही.

१५ मार्च, सोमवार

अंतिम अहवाल: स्वच्छ. सावली लहानपणच्या न्यूमोनियाची. आईला फोन केला तर म्हणाली, हो, झाला होता की तुला, दीड वर्षाचा होतास, कुणी विचारलंच नाही.

उद्या कंपनीचे लोक येतायत. मॅनेजरसाहेब म्हणाले, दोन मिनिटं बोला, 'तपासणीची यशोगाथा'. दोन पानं लिहिली. भोंग्याला वाचून दाखवली. ऐकताना त्याचे डोळे मिटले होते. तल्लीन.

१६ मार्च, मंगळवार

भाषण अर्धंच झालं.

१७ मार्च, बुधवार

काल पुढे लिहवलं नाही. मी 'शंभर टक्के' या शब्दावर आलो होतो. भोंगा पहिल्या रांगेत उभा होता, मी सांगितलं होतं म्हणून. खोकला सुरू झाला आणि थांबेना. रुमाल पुरेना. मग तो गुडघ्यांवर बसला. कंपनीची माणसं मागे सरली, सगळेच सरले. स्वयंपाकीणबाई तेवढी झाडू टाकून धावली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, कागद वाचत काय उभे आहात, गाडी बोलवा.

गाडी मी बोलावली. एवढं केलं.

१८ मार्च, गुरुवार

टीबी. दोन्ही बाजूंना. बेडका जंतूंनी भरलेला. बरा होईल, सहा महिने औषध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जानेवारीत आला असता तर रक्ताच्या गुळण्यांपर्यंत गेलं नसतं.

त्यांनी त्याचा तो जुना फोटो मागवला होता. मला दाखवला. हललेला, धुरासारखा. मी म्हटलं, म्हणजे मशीन चुकलं. बाई म्हणाल्या, चांगला फोटोसुद्धा कधी चुकतो. पण दोन महिने खोकणाऱ्या माणसाने त्या रांगेत उभंच राहायचं नव्हतं. बिनतक्रार माणसांसाठी होती ती रांग. मी तुम्हाला सांगितलं होतं.

मी म्हटलं, असं काही सांगितल्याचं आठवत नाही.

घरी येऊन बारा जानेवारीचं पान काढलं. सांगितलं होतं. माझ्याच अक्षरात आहे.

२० मार्च, शनिवार

इस्पितळात गेलो. वॉर्डच्या दारात वहिनी बसल्या होत्या. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा, गाडीवाल्यांवर तक्रार, माझा पूर्ण पाठिंबा. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, गुरुवारचा नंबर लावला होता हो मी.

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

२२ मार्च, सोमवार

नर्सबाई फॉर्म घेऊन आल्या. रुग्णाबरोबर बंद खोलीत कोण कोण बसलं, किती तास. भट्टीचा भाग मोकळा, हवेशीर. घरी वहिनी दारं-खिडक्या उघड्या ठेवतात. बंद खोली एकच. लेबलांचं गोदाम.

दहा फेब्रुवारी ते पंधरा मार्च, रविवार सोडून, रोज तीन तास. पत्त्यांमुळे कधी साडेतीन. नर्सबाईंनी बेरीज केली आणि पेन थांबलं. म्हणाल्या, उद्याच येऊन रक्त द्या. तुम्हाला मात्र तपासणी हवीच.

२३ मार्च, मंगळवार

गेलो नाही. टेबलाचा ताबा परत घ्यायचा होता.

२४ मार्च, बुधवार

गेलो नाही. तपासण्यांवरचा माझा विश्वास उडालाय. आठ-नऊ जणांकडे उगाच बोट दाखवतात, हे मी स्वतः भोगलंय. या विषयावर एक लेख लिहिणार आहे.

२५ मार्च, गुरुवार

लेख: तीन ओळी. लेकीने वाचल्या. म्हणाली, बाबा, ती तपासणी वेगळी, ही वेगळी. तेव्हा बहुतेकांना काही नव्हतं आणि सगळ्यांना उभं केलंत. आता तुम्ही खरोखर महिनाभर शेजारी बसलात. मी म्हटलं, कळतं मला. म्हणाली, मग जात का नाही.

चालायला गेलो. अर्धा तास. पहिल्यांदाच.

२७ मार्च, शनिवार

ही सकाळी चपला घालून दारात उभी राहिली. चावी हातात होती. मी म्हटलं, आज शनिवार, गर्दी असेल. म्हणाली, बघू.

गर्दी नव्हती. बाकावर आम्ही दोघंच. रक्त घेताना मी दुसरीकडे बघितलं. हिने दंडावर हात ठेवला. सगळं शांतपणे घेते ही, त्याचा मी जानेवारीत वेगळा अर्थ लावला होता.

२ एप्रिल, शुक्रवार

रक्ताचा रिपोर्ट आला. जंतू आत शिरलेत, पण झोपलेत. आजार नाही. मी कुणाला देऊ शकत नाही. उठू नयेत म्हणून तीन महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. मी विचारलं, हे नक्की त्याच्याकडूनच आलं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, यावेळी ती गोदामाची खोली मोकळी ठेवा, खिडकी उघडी, आणि कुणाला वेगळं बसवू नका. तुम्हालाही नाही.

कारखान्यात जाऊन बोर्डावरची पहिली यादी काढली. चार टाचण्या होत्या. अंगणात स्वयंपाकीणबाई होती, तिला दाखवली. म्हणाली, आता काय उपयोग. मी म्हटलं, नियम मीच लिहिले होते. ती म्हणाली, माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. मॅनेजरसाहेबांकडे अर्ज दिला, तिला परत कँटीनमध्ये घ्या म्हणून. साहेब म्हणाले, लोक जेवत नाहीत, मी काय करू.

८ एप्रिल, गुरुवार

कँटीनमध्ये तिच्या हातचं जेवणारा मी एकटा. साहेबांनी दुपारचा अर्धा तास तिला मोजक्या भांड्यांवर घेतलंय, माझ्या एकट्यापुरतं. मीठ जास्त घालते. मुद्दाम घालत असावी. खाल्लं.

१२ एप्रिल, सोमवार

भोंगा घरी आलाय. खोकला कमी आहे, भूक लागते म्हणतो. रोज सकाळी साडेसातला त्याचा फोन येतो. स्वतःची गोळी घेऊन झाली की मला विचारतो, तुम्ही घेतली का. मी घेतली म्हणून सांगतो.

मग घेतो.